राउस यांची कोंबडी आणि कर्करोगाची जनुके

कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो, हे डॉ. पेटन राउस यांनी १९११ साली दाखवून दिले. त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळायला १९६६ साल उजाडले. कर्करोगाचे मूळ जनुकांतील बदलांत आहे, हे मात्र त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. आणि त्या बदलांचा पहिला भक्कम पुरावा हाती आला, तो त्यांच्याच कोंबडीच्या गाठीतून!

ज्यांचे म्हणणे जगाने फार उशिरा मानले, अशा माणसांची विज्ञानाच्या इतिहासात वाण नाही. आपल्या मताला चिकटून राहून चुकलेल्या थोरांचीही नाही. परंतु या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत आणि एकाच शोधाच्या संदर्भात घडाव्यात, असे क्वचितच होते. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. फ्रान्सिस पेटन राउस यांच्या आयुष्यात ते घडले.

एखाद्या घरात कर्करोगाचे निदान झाले की, पहिला प्रश्न विचारला जातो तो 'हे का झाले?' हाच. आता त्याच्या उत्तरादाखल डॉक्टर अनेकदा जनुकीय चाचणीचा अहवाल पुढे ठेवतात. त्यावर टीपी-५३, केरास, बीआरसीए अशी नावे असतात आणि त्यांपुढे 'उत्परिवर्तन आढळले' किंवा 'आढळले नाही' असा शेरा असतो. सामान्य माणसाला कोड्यात टाकणाऱ्या या नावांपर्यंत विज्ञान कसे पोहोचले, हे समजून घ्यायचे तर राउस यांच्या चरित्राइतकी चांगली वाट दुसरी नाही.

बाल्टिमोर ते टेक्सास

राउस यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७९ रोजी बाल्टिमोर येथे झाला. ते लहान असतानाच वडिलांचे निधन झाले आणि तीन मुलांची जबाबदारी आईवर येऊन पडली. आईचे नातलग टेक्सासमध्ये होते. तिकडे आधार मिळाला असता. पण मुलांचे शिक्षण चांगले व्हावे म्हणून तुटपुंज्या उत्पन्नात बाल्टिमोरलाच राहण्याचा निर्णय त्या माउलीने घेतला. राउस यांना फुलापानांचे विलक्षण वेड होते. विशीच्या आत असतानाच ते 'बाल्टिमोर सन' या दैनिकासाठी त्या त्या महिन्यात फुलणाऱ्या रानफुलांवर सदर लिहीत. निसर्गाकडे बारकाईने पाहण्याची आणि पाहिलेले नेटक्या शब्दांत मांडण्याची ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना एका शवविच्छेदनात क्षयग्रस्त हाडाने त्यांच्या बोटाला ओरखडा आला. त्यातून क्षयाचा संसर्ग झाला आणि काखेतील गाठ शस्त्रक्रिया करून काढावी लागली. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. मोकळ्या हवेत जाऊन बरे होण्याचा प्रयत्न करा, इतकाच सल्ला मिळाला. राउस टेक्सासला गेले आणि तेथील गुराख्यांबरोबर त्यांनी सुमारे वर्षभर गुरे वळली. तब्येत सुधारली, तसे ते परतले आणि १९०५ साली त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली.

रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर होणे आपल्या स्वभावात नाही, हे त्यांना लवकरच कळून चुकले. त्यांनी विकृतिशास्त्राची, म्हणजे रोगाने शरीरात होणाऱ्या बदलांच्या अभ्यासाची, वाट धरली. मिशिगन विद्यापीठात काही काळ काम केल्यावर १९०९ साली ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले. संस्थेचे संचालक सायमन फ्लेक्सनर यांना पोलिओच्या संशोधनाकडे वळायचे होते. त्यामुळे आपल्याकडील कर्करोगाची प्रयोगशाळा त्यांनी या तिशीतल्या तरुणाच्या हवाली केली. कर्करोगाच्या संशोधनाला तेव्हा फारशी प्रतिष्ठा नव्हती. त्यात हाती काही लागेल, अशी आशाही थोड्यांनाच होती.

गाळणीतून उतरलेला रोग

त्याच वर्षी प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी राउस यांच्याकडे आली. तिच्या छातीवर मोठी गाठ वाढलेली होती. राउस यांनी ती काढून तपासली. तो सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी यांसारख्या आधार देणाऱ्या ऊतींमध्ये उद्भवणारा कर्करोग होता. त्यांनी गाठीचे तुकडे त्याच वाणाच्या, जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या कोंबड्यांच्या शरीरात रुजवले. काहींमध्ये ती गाठ वाढली. इथपर्यंत आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते, कारण उंदरांमध्ये असे रोपण आधीच साधले होते.

पुढचे पाऊल मात्र वेगळे होते. राउस यांनी गाठ वाळूबरोबर घोटली, तिचा अर्क काढला आणि तो अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळून घेतला. या गाळणीतून पेशी तर सोडाच, जीवाणूही पलीकडे जाऊ शकत नसत. गाळून आलेला, पेशीविरहित द्रव त्यांनी निरोगी कोंबड्यांना टोचला आणि त्यांच्या अंगावरही तशाच गाठी उठल्या. पेशींहून आणि जीवाणूंहून लहान असे काहीतरी कर्करोग घडवत होते. ते विषाणू असावे, हे उघड होते. पण राउस यांनी आपल्या निबंधात फार जपून शब्द वापरले. हा निष्कर्ष १९११ साली प्रसिद्ध झाला. या विषाणूला पुढे 'राउस सार्कोमा विषाणू' हे नाव पडले.

डेन्मार्कच्या एलरमन आणि बँग यांनी १९०८ साली कोंबड्यांतील रक्ताचा कर्करोग अशाच गाळलेल्या द्रवातून पसरतो, हे दाखवले होते. परंतु रक्ताच्या त्या विकाराला कर्करोग म्हणावे की नाही, याबद्दलच तेव्हा एकमत नव्हते. राउस यांच्या गाठीबद्दल तशी शंका घ्यायला जागा नव्हती. तरीही तज्ज्ञांनी ती घेतली. कोणी म्हणाले, ही कर्करोगाची गाठच नव्हे. कोणी म्हणाले, गाळणीतून पेशी निसटल्या असतील. आणि कोंबडीला होते म्हणून माणसालाही तसेच होईल कशावरून, असा प्रश्न तर सगळेच विचारत होते. राउस यांनी उंदरांच्या गाठींमध्ये तसाच विषाणू शोधून पाहिला. तो सापडला नाही. काही वर्षांच्या प्रयत्नांनंतर, १९१५ च्या सुमारास, त्यांनी कर्करोगाचे काम बाजूला ठेवले.

रक्तपेढीचा पाया

पहिले महायुद्ध पेटले होते आणि जखमी सैनिकांना रक्ताची गरज होती. शरीराबाहेर काढलेले रक्त टिकवायचे कसे, हा प्रश्न होता. राउस आणि त्यांचे सहकारी जे. आर. टर्नर यांनी सायट्रेट आणि साखरेच्या द्रावणात रक्तपेशी आठवडेच्या आठवडे टिकवून दाखवल्या. राउस यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले डॉ. ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी १९१७ साली हेच तंत्र युद्धभूमीवर नेले आणि साठवलेले रक्त जखमींना दिले. आजच्या रक्तपेढ्यांची सुरुवात अनेक जण तेथूनच मानतात.

याच काळात राउस यांनी ट्रिप्सिन या पाचक द्रव्याच्या साहाय्याने ऊतींमधील पेशी सुट्या करण्याची युक्ती शोधली. पेशींची कृत्रिम वाढ करणाऱ्या प्रयोगशाळांत ती आजही रोजच्या वापरात आहे. पुढची काही वर्षे त्यांनी यकृत आणि पित्ताशय यांच्या कार्याचा अभ्यास केला. १९१५ साली त्यांचा मॅरियन डीके यांच्याशी विवाह झाला होता. त्यांना तीन मुली झाल्या. त्यांतील थोरलीचे पती ॲलन हॉजकिन यांना मज्जातंतूंवरील संशोधनासाठी १९६३ साली नोबेल मिळाले. म्हणजे जावयाचा मान सासऱ्याच्या तीन वर्षे आधी झाला!

ससा, डांबर आणि दोन पायऱ्या

कर्करोगाकडे राउस परतले ते १९३० च्या दशकात. रिचर्ड शोप या त्यांच्या सहकाऱ्याने १९३३ साली रानसशांच्या अंगावर चामखिळी उठवणारा एक विषाणू शोधला आणि पुढील अभ्यासासाठी उदारपणे राउस यांच्याकडे सोपवला. पाळीव सशांमध्ये या चामखिळी काही महिन्यांनी खऱ्याखुऱ्या कर्करोगात बदलतात, हे राउस आणि जोसेफ बियर्ड यांनी दाखवले. कोंबडीवरून सुरू झालेली विषाणूची गोष्ट आता सस्तन प्राण्यापर्यंत आली होती.

याहून मोलाचा ठरला तो डांबराचा प्रयोग. सशाच्या कानाला वारंवार डांबर लावले की तेथे गाठी उठतात, हे यामागिवा आणि इचिकावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९१५ साली सिद्ध केले होते. राउस यांनी पाहिले की, डांबर लावणे थांबवल्यावर यातल्या अनेक गाठी विरून जातात. पण त्याच जागी पुढे साधी जखम केली, तरी तेथे गाठी पुन्हा डोके वर काढतात. गाठ दिसत नसली, तरी पेशींमध्ये कायमचा काही बदल होऊन बसलेला होता आणि तो जागा होण्याची संधी शोधत होता. यावरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात कर्करोगाच्या दोन पायऱ्या सांगितल्या. पहिली 'आरंभ' आणि दुसरी 'चालना'. कर्करोग एका फटक्यात होत नाही, तो टप्प्याटप्प्याने घडतो, हा विचार तेथून रुजला.

ज्या मताला त्यांचा विरोध होता

पेशीतला हा कायमचा बदल नेमका कोणता? याचे एक उत्तर तेव्हाही उपलब्ध होते. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ साली असे मांडले होते की, कर्करोगाचे मूळ पेशीतील गुणसूत्रांच्या बिघाडात असावे. क्ष-किरणांमुळे जनुकांमध्ये उत्परिवर्तने, म्हणजे कायमचे बदल होतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली सिद्ध केले. क्ष-किरणांमुळे कर्करोगही होतो, हे ठाऊक होतेच. तेव्हा पेशीच्या जनुकांत होणारे उत्परिवर्तन हेच कर्करोगाचे कारण, या मताकडे अनेकांचा कल झुकू लागला.

राउस यांना हे मत मुळीच मान्य नव्हते. त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. कर्करोग विषाणूमुळे होतो, डांबराने होतो, संप्रेरकांच्या प्रभावानेही होतो. मग एकट्या जनुकांवर बोट कसे ठेवायचे? कर्करोग घडवणारी कितीतरी रसायने जनुकांत बदल करत असल्याचा पुरावा तेव्हा नव्हता. उत्परिवर्तन कायमचे असेल, तर डांबराच्या गाठी विरतात कशा, हाही प्रश्न होता.

पण त्यांच्या विरोधामागे याहून खोल असे एक कारण होते. कर्करोग हा पेशीच्या गाभ्यात अपघाताने होणारा बदल आहे असे एकदा ठरले, की त्यावर करण्याजोगे काही उरत नाही, लोक दैववादी होतात आणि संशोधक शोध घेणे सोडून देतात, अशी भीती त्यांना वाटे. डिसेंबर १९६६ मध्ये स्टॉकहोमला दिलेल्या नोबेल व्याख्यानातही त्यांनी या मताचा कडक समाचार घेतला. हा विचार आपल्या अनुयायांना गुंगी आणतो, असाच त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

उशिराचा सन्मान

नोबेलसाठी राउस यांचे नाव पहिल्यांदा सुचवले गेले ते १९२६ साली, रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांच्याकडून. गंमत अशी की, त्या वर्षीचे पारितोषिक कर्करोगाच्या संशोधनालाच मिळाले, परंतु ते डेन्मार्कच्या योहान्नेस फिबिगर यांना. एका कृमीमुळे उंदरांच्या जठरात कर्करोग होतो, असा त्यांचा दावा होता. पुढे तो टिकला नाही. कर्करोगाच्या बाबतीत निवड समितीने नंतर दीर्घकाळ हात आखडता घेतला, त्यामागे हा अनुभव असल्याचे मानले जाते.

१९५० च्या दशकात उंदरांमध्येही कर्करोगाचे विषाणू सापडू लागले आणि राउस यांच्या जुन्या निबंधावरची धूळ झटकली गेली. १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांना चार्ल्स हगिन्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शोध आणि सन्मान यांत ५५ वर्षांचे अंतर पडले. राउस मात्र या साऱ्या काळात कडवट झाले नाहीत. १९४५ साली नियमानुसार निवृत्त झाल्यावरही ते प्रयोगशाळेत येत राहिले. 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन' या नियतकालिकाचे संपादन त्यांनी अनेक दशके केले.

१६ फेब्रुवारी १९७० रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्या रोगाचा माग काढला, त्या कर्करोगानेच त्यांचा बळी घेतला.

गाठीचे गुपित उलगडते

राउस यांच्या निधनानंतर अवघ्या काही महिन्यांत चक्रे वेगाने फिरली. राउस सार्कोमा विषाणूची जनुके डीएनएऐवजी आरएनएची बनलेली आहेत. १९७० सालच्या जून महिन्यात हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे असे एक विकर शोधले, जे आरएनएवरून डीएनए तयार करते. टेमिन यांनी ते शोधले राउस यांच्याच विषाणूत. हा विषाणू आपली जनुके पेशीच्या डीएनएमध्येच शिवून टाकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच वर्षी स्टीव्ह मार्टिन यांनी दाखवले की, पेशीला कर्करोगी बनवण्याचे काम विषाणूतील एकच जनुक करते. सार्कोमावरून त्याला 'सार्क' असे नाव पडले. हे जनुक विषाणूने गमावले तरी तो जगू शकत होता, वाढू शकत होता. मग ज्याची स्वतःला गरजच नाही असे जनुक विषाणूकडे आले कोठून?

सॅन फ्रान्सिस्को येथील मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत डॉमिनिक स्टेहेलिन यांनी याचा छडा लावला. १९७६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सर्वांना चकित करणारा होता. सार्क हे जनुक निरोगी कोंबडीच्या पेशींमध्येच होते! बदक, लाव्हा, इमू या पक्ष्यांतही ते होते आणि पुढे माणसातही सापडले. म्हणजे विषाणूने ते कधीकाळी कोंबडीच्या पेशीतूनच उचलले होते.

निरोगी पेशीत सार्कचे प्रथिन पेशीला वाढीचे संदेश पोहोचवते आणि काम झाले की थांबते. त्याच्या शेवटच्या टोकाशी ते बंद करणारी कळ असते. विषाणूने जनुक पळवले तेव्हा नेमके हे टोक गळाले आणि आणखीही काही बदल झाले. परिणामी प्रथिन सतत चालू राहिले आणि पेशी थांबण्याचे विसरली. राउस यांच्या कोंबडीला झालेला रोग विषाणूने आणला होता, हे खरेच. पण विषाणूने आणले होते ते कोंबडीचेच, उत्परिवर्तन झालेले जनुक. राउस आणि त्यांचे विरोधक या दोघांचेही म्हणणे एकाच गाठीत बरोबर ठरले होते. या शोधासाठी बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ चे नोबेल मिळाले.

बिघाड एकाच प्रकारचा नसतो

सार्कपासून सुरू झालेल्या शोधात आतापर्यंत अशी कितीतरी जनुके सापडली आहेत आणि त्यांच्यातील बिघाडाच्या तऱ्हाही वेगवेगळ्या आहेत. समजण्यासाठी पेशीला मोटारगाडी मानू.

पहिला प्रकार अॅक्सिलरेटर अडकण्याचा. वाढीचा संदेश देणारे जनुक कायमचे चालू राहते. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगात रास या जनुकाची तपासणी झाली, तेव्हा निरोगी आणि रोगी जनुकांत फरक निघाला तो डीएनएच्या अवघ्या एका अक्षराचा. त्या एका अक्षराने प्रथिनातील बारावा घटक बदलला होता. केरास हा या रास कुटुंबातलाच एक सदस्य. काही वेळा जनुकाची अक्षरे तीच राहतात, पण जागा बदलते. बर्किट लिंफोमा या कर्करोगात मिक नावाचे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन पडते आणि तेथे त्याला सतत चालू राहण्याचा हुकूम मिळतो. रक्ताच्या एका कर्करोगात तर ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन दोन जनुके एकमेकांना जोडली जातात आणि नवेच घातक प्रथिन जन्माला येते.

दुसरा प्रकार ब्रेक निकामी होण्याचा. पेशीची वाढ रोखणारी जनुकेही असतात. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या ४८ रुग्णांचा अभ्यास करून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली एक अनुमान मांडले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बिघडल्या तरच ब्रेक जातो. ज्या मुलाला एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते, त्याच्या बाबतीत दुसरा एकच फटका पुरतो. म्हणून त्याला रोग लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. टीपी-५३ हे जनुकही ब्रेकच्याच वर्गातले. डीएनएला इजा झाली की ते पेशीला थांबवते, इजा फार असेल तर पेशीला मरण पत्करायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते.

तिसरा प्रकार दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकनेच दगा देण्याचा. पेशीच्या डीएनएला इजा होत असते, ती दुरुस्त करणारी वेगळी जनुके असतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यांपैकी दोन. त्यांत बिघाड झाला की इतर जनुकांतील चुका साचत जातात आणि स्तन व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

हे बिघाड बहुधा एकेकटे पुरेसे नसतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात साध्या गाठीपासून घातक गाठीपर्यंतच्या प्रवासात एपीसी, केरास, टीपी-५३ अशी जनुके एकामागून एक बिघडत जातात, हे बर्ट व्होगेलस्टाइन आणि एरिक फिअरॉन यांनी १९९० साली मांडले. हा प्रवास अनेक वर्षे चालतो. म्हणूनच वय वाढते तसा कर्करोगाचा धोका वाढतो.

राउस यांच्या आक्षेपांची उत्तरेही या काळात मिळत गेली. कर्करोग घडवणारी बहुतेक रसायने शरीरात शिरल्यावर रूप पालटतात आणि मग जनुकांत उत्परिवर्तने करतात, हे ब्रूस एम्स यांच्या चाचणीने १९७० च्या दशकात दिसून आले. सशाच्या कानात दबा धरून बसलेला तो कायमचा बदल, राउस यांनी स्वतः सांगितलेली 'आरंभा'ची पायरी, म्हणजेही उत्परिवर्तनच, असे आज समजले जाते. ज्या मताला त्यांनी नाकारले, त्याचा एक मोठा आधार त्यांच्याच प्रयोगवहीत होता.

भीती खोटी ठरली

जनुकांचा विचार माणसाला हतबल करील, ही राउस यांची भीती मात्र सर्वांत समाधानकारक रीतीने खोटी ठरली. रक्ताच्या कर्करोगात दोन जनुकांच्या जोडणीतून जे घातक प्रथिन तयार होते, त्यालाच अडवणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. एरवी काही वर्षांत जीव घेणारा हा रोग अनेकांसाठी रोज गोळी घेऊन आटोक्यात ठेवता येण्याजोगा झाला. भारतात या औषधाच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली न्यायालयाने पेटंट नाकारल्याने स्वस्त पर्यायी औषधांची वाट मोकळी राहिली. रासमधील बदलाला लक्ष्य करणारे पहिले औषधही २०२१ साली अमेरिकेत मंजूर झाले.

विषाणूंची बाजूही मागे राहिली नाही. शोप यांच्या सशांमधील विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला मानवी पॅपिलोमा विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असल्याचे हाराल्ड झुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात दाखवले. त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. हा विषाणू आपल्या दोन प्रथिनांच्या जोरावर पेशीतील टीपी-५३ आणि रेटिनोब्लास्टोमा या दोन्ही जनुकांच्या प्रथिनांना निकामी करतो. म्हणजे येथे ब्रेक असतात, पण विषाणू ते दाबू देत नाही. या विषाणूविरुद्धची लस २००६ पासून जगात वापरात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या अशाच लशीला २०२२ साली भारतात मान्यता मिळाली. कर्करोग टोचून टाळता येईल, असे १९११ साली कोणी म्हटले असते, तर राउस यांच्यावर अविश्वास दाखवणाऱ्यांनी त्यालाही वेड्यात काढले असते.

जनुकीय चाचणीचा अहवाल हाती आला की, अनेक कुटुंबांचा समज होतो की हे सारे रक्तातूनच आले आहे आणि आता इलाज नाही. वस्तुस्थिती तशी नाही. आईवडिलांकडून आलेल्या उत्परिवर्तनामुळे होणारे कर्करोग साधारणतः शंभरात पाच ते दहा इतकेच. उरलेल्यांत जनुकांचे बिघाड आयुष्यभरात होत जातात. काही नकलेतल्या चुकांमुळे, तर काही तंबाखूचा धूर, ऊन, विषाणू यांच्यामुळे. त्यांतील पुष्कळसे टाळता येण्यासारखे आहेत. आणि जे टाळता येत नाहीत, ते नेमक्या कोणत्या जनुकातले आहेत हे कळल्याने औषध निवडणे सोपे होते.

राउस यांना हवे होते ते हेच. कर्करोगापुढे माणसाने हात टेकू नयेत, यासाठी ते जन्मभर झगडले. त्यांनी चुकीच्या मताला शत्रू मानले असेल, पण त्यांचे खरे वैर होते ते निराशेशी. तो लढा ज्या जनुकांच्या ज्ञानामुळे पुढे सरकला, त्याची सुरुवात त्यांच्याच कोंबडीपासून झाली होती.